बारावं पान : जीव टांगणीला लागलेला माणूस

सांजवात

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

सहा-सात वर्षं झाली, मी टॅरो शिकतेय. भविष्य सांगायला नाही. मैत्रिणी जमल्या की पत्ते निघतात, गप्पा होतात, एवढंच. पैसे घेत नाही, चहा घेते. एकूण ७८ पानं, आणि त्यात मला सगळ्यात जास्त छळलेलं पान म्हणजे बारावं, द हँग्ड मॅन. मृत्यूचं पान निघालं की समोरची घाबरते, पण तिला समजावता येतं. कोसळणारा मनोरा निघाला तर घरात काहीतरी आधीच कोसळलेलं असतं, ती स्वतःच बोलायला लागते. हा बारावा निघाला की प्रश्न येतो, "म्हणजे होणार का नाही?" मग मी पुस्तकी पाठ म्हणते: थांबा, दृष्टिकोन बदला, समर्पण वगैरे. म्हणताना मलाच जांभई येते.

ज्यांनी चित्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्याकडे राइडर-वेट डेक (पत्त्यांचा संच) आहे, १९०९ साली लंडनला निघालेला. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं. इंग्रजी टी अक्षरासारखा लाकडी खांब, पण लाकूड मेलेलं नाही, त्याला पालवी फुटलेली आहे. उजव्या घोट्याला दोर बांधून माणूस उलटा लटकलाय. डावा पाय गुडघ्यात मुडपून उजव्याच्या मागे गेलाय. लाल तुमान, निळा अंगरखा, पिवळे जोडे. हात पाठीमागे. डोक्याभोवती पिवळं तेजोवलय. मागे काहीच नाही, ना डोंगर, ना नदी, ना माणूस. नुसता करडा पडदा. आणि चेहरा एकदम शांत.

आता मुद्दा. गेल्या पावसाळ्यात आमचे अण्णा न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडलं. साताऱ्यातल्या एका दवाखान्यात होते. साखर इतकी वाढलेली की ती उतरेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणाले. नऊ दिवस ट्रॅक्शन. पाय उचलून लोखंडी फ्रेमवर ठेवलेला, दोरी पुलीवरून खाली, तिच्या टोकाला वजनं. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं एका जागी कधी बसले नाहीत म्हणा, किंवा एकाच जागी बसून सगळा जिल्हा फिरले म्हणा.

पाचव्या दिवशी दुपारी ते झोपलेत असं समजून मी पलंगाच्या कडेला पानं काढली. प्रश्न मनात एकच, ऑपरेशन कधी. पहिलंच पान हे. मी पटकन झाकायला गेले तर अण्णा जागेच. म्हणाले, "बघू." चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हटलं आता चिडणार. तर म्हणाले, "ह्याला डबा वेळेवर येतोय. तोंडावरनं कळतंय." मग स्वतःच्या पायाकडं बघितलं आणि मला विचारलं, "ह्याला बांधलाय कुणी गं? का स्वतःच चढलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. तो तुमच्यापुढे टाकतेय. जाणकारांनी लिहा, अजाणकारांनीही लिहा.

टवाळ बोका

पहिला मी! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.
ज्याच्या नावातच वेट आहे तो "थांबा" सोडून दुसरं काय सांगणार? (हलके घ्या.)
अण्णा भारी आहेत. त्यांचाच आयडी काढा इथे.

अक्षरगंगा

धागा आवडला. आधी नावाचं बघू, कारण मराठी वर्तमानपत्रांत याला सर्रास "फाशी गेलेला माणूस" म्हणतात आणि ते साफ चूक आहे. फाशी गळ्याला असते आणि त्यात माणूस मरतो. हा जिवंत आहे आणि दोर पायाला आहे. इटालियनमध्ये लापेझो, फ्रेंचमध्ये ल पांद्यू. दोन्हींचा शब्दशः अर्थ लटकलेला, टांगलेला. आपल्याकडे तर तयार शब्द आहे, टांगणी. "जीव टांगणीला लागणे" यात कोणी मरत नाही. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री अख्खं घर टांगणीला लागतं. निकाल लागला की टांगणी संपते, मग तो कसाही लागो. मला विचाराल तर या पानाचा अर्थ सांगायला पुस्तकं नकोत, हा एक वाक्प्रचार पुरे.

सांजवात

@अक्षरगंगा, अरे देवा! सहा वर्षं मी "सस्पेन्शन, सरेंडर" करत बसले आणि उत्तर आजीच्या तोंडात होतं. धाग्याचं नाव बदलते लगेच. (बदललं.)

जुनी नाणी

कामानिमित्त मी सध्या इटलीत बेर्गामोजवळ राहतो, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं अवघड आहे. अण्णांच्या प्रश्नाचं ऐतिहासिक उत्तर सरळ आहे: बांधलाय. स्वतः चढलेला नाही.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या दरबारांत निघाला, हुकमाची २२ चित्रं जास्तीची घातलेला. भविष्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा आणि त्याची बायको बियांका मारिया विस्कोंती यांच्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला एक संच शतकाच्या मध्याचा आहे. त्यातली ७४ पानं आज उरलीत: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ आमच्या इथे बेर्गामोच्या अकादेमिया कारारा संग्रहालयात आणि १३ एका घराण्याकडे. त्या संचात हा लटकलेला आहे.

आता त्या काळच्या माणसाला हे चित्र बघून काय वाटलं असेल? कोडं बिलकूल पडलं नसेल. तिथे "बदनामीचं चित्र" नावाची एक सरकारी शिक्षा होती, पित्तूरा इन्फामांते. एखादा दगाबाज किंवा कर्ज बुडवून पळालेला इसम हाती लागला नाही की नगरपालिका चित्रकाराला पैसे देऊन त्याचं चित्र भर चौकात भिंतीवर काढून घ्यायची. चेहरा ओळखू यायलाच हवा. आणि बऱ्याचदा तो दाखवायचा एका पायाने उलटा टांगलेला. माणूस हाताला लागत नाही तर त्याची अब्रू टांगा, असा हिशेब. इटलीत या पानाचं एक जुनं नाव "इल त्रादितोरे" होतं, म्हणजे दगाबाज.

गंमत पुढे आहे. याच फ्रांचेस्कोचा बाप, मुझ्झिओ आत्तेंदोलो स्फोर्झा, भाडोत्री सेनापती. १४१२ साली तो पोपची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाकडे गेला. पोपने (हा तेविसावा जॉन, ज्याला चर्च आज खरा पोप मानत नाही) रोमच्या पुलांवर आणि वेशींवर त्याचं चित्र काढवून घेतलं, एका पायाने उलटा लटकलेला. सोबत मजकूर: हा कोटिन्योलाचा गावंढळ, याने चर्चशी बारा दगे केले. म्हणजे मुलाच्या घरी जो सोनेरी पत्त्यांचा संच आला, त्यात बापाच्या बदनामीचीच पोज होती. जेवणानंतर खेळायला बसल्यावर ते पान हातात आलं की त्या घरात काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

टवाळ बोका

बारा दगे आणि बारावं पान!! अंगावर काटा आला, बोक्याच्या.

जुनी नाणी

@टवाळ बोका, शेपूट खाली करा. त्या संचातल्या पानांवर आकडेच नाहीत, ते नंतर आले. योगायोग आहे. पण असले योगायोगच पुढे "गूढ ज्ञान" म्हणून विकले गेले.

बाय द वे, बदनामीची चित्रं काढणाऱ्याचीही बदनामी व्हायची. १४४० मध्ये फ्लॉरेन्सला आंद्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशी चित्रं काढली आणि लोकांनी त्याचं नावच "लटकलेल्यांचा आंद्रेआ" पाडलं. नव्वद वर्षांनी, १५३० मध्ये, वेढ्यातून पळालेल्या सरदारांची चित्रं काढायचं काम आंद्रेआ देल सार्तो याला मिळालं. हाही आंद्रेआच! त्याने धसका घेतला. म्हणे काम मदतनिसाच्या नावावर घेतलं आणि रात्री आडोसा करून रंगवलं. भिंतीवरचं चित्र गेलं, कच्ची रेखाटनं फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहेत. एका पायावर टांगलेले पुरुष, हात मागे, आणि मोकळा पाय कसा लोंबतो, वाकतो, याचा त्याने बारकाईने अभ्यास केलेला दिसतो. खरंच कुणालातरी उलटं टांगून काढलं असणार, असं वाटण्याइतका.

गुरुत्वमध्य

माहितीपूर्ण. वाचतोय. पण मुळात रीडिंगवर, म्हणजे पानं काढून अर्थ सांगण्यावर, दोन शब्द.

तीन पानं काढली तर त्यात ठरावीक एक पान येण्याची शक्यता ७८ त ३, म्हणजे २६ वेळा एक. सांजवातताईंनी सहा वर्षांत शंभरेक वेळा पानं काढली असतील तर हा इसम चार वेळा भेटणारच. वडिलांचा पाय टांगलेला असताना तो भेटला हे लक्षात राहिलं, बाकी तीन वेळा विसरल्या.

आणि "थांबा, वेगळ्या नजरेने बघा" हा सल्ला कुणाला लागू पडत नाही? १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना "तुमच्या स्वभावाचं विश्लेषण" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला. तो त्याने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलला होता. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. टॅरो याच्यावर चालतो.

सांजवात

@गुरुत्वमध्य, तुमच्या गणिताशी भांडण नाही. बाकीच्या तीन वेळा खरंच विसरले. पण मी धाग्यात कुठेही म्हटलं नाही की पानाला ऑपरेशनची तारीख ठाऊक होती. (नव्हतीच. दहाव्या दिवशी झालं, ते शुगरच्या रिपोर्टवरून.) मला कुतूहल आहे ते असं, की एक चित्र समोर ठेवलं आणि बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, जो माझ्याशी साखरेचा डबा आणि लाइटबिल सोडून कशावर बोलत नाही, तो एकदम विचारतो, "बांधलाय का स्वतः चढलाय". त्यानंतर तासभर बोलत होते. रिटायर झाल्यापासून आपण असेच लटकलोय म्हणाले, पाय नंतर मोडला. हे त्या चित्राने काढलं की मी काढलं, मला माहीत नाही.

गुरुत्वमध्य

हे मान्य. मग त्याला भविष्य म्हणू नका, गप्पांचं निमित्त म्हणा. माझा आक्षेप संपला.

रेवती_के

माझा संपला नाही. लिहू की नको असं करत दोन दिवस गेले.

माझ्या बहिणीने लग्नानंतर वर्षभरात एका टॅरोवाल्या बाईंकडे जायला सुरुवात केली. शहर, नाव काही लिहित नाही. घरात त्रास होता. हात उगारला जायचा. ती दर महिन्याला पैसे भरून एकच विचारायची, निघू का? त्यांनी एकदा हे पान काढलं आणि म्हणाल्या, हा समर्पणाचा काळ आहे, आत्ता हालचाल करू नको, तुला ज्ञान मिळणार आहे. डोक्यामागचं तेज दाखवलं म्हणे. पुढे प्रत्येक बैठकीत तोच संदर्भ, "तुझा हँग्ड मॅन अजून संपला नाही." यात दोन वर्षं गेली. शेवटी शेजारच्या काकूंनी दार वाजवलं म्हणून ती सुटली, ज्ञानामुळे नाही.

त्यामुळे "शांत चेहरा, तेजोवलय" वाचलं की माझं डोकं सणकतं. टांगलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शांती रंगवणं सोपं आहे. जुनी नाणी यांनी सांगितलेला अर्थ मला जास्त खरा वाटतो: ही शिक्षा आहे, आणि कुणीतरी दिलेली आहे.

सांजवात

रेवती, लिहिलंस हे फार बरं केलंस. बहीण आता ठीक आहे ना?

तुझी पोस्ट वाचून मी ते पान पुन्हा काढून बघितलं. हात पाठीमागे आहेत. बांधलेत की नुसते धरलेत, ते दिसत नाही! मी आजवर धरूनच चालले होते की त्याने ते आरामात मागे घेतलेत. चित्रात तसा काही पुरावा नाही.

रेवती_के

ठीक आहे. स्वतःचं पाळणाघर चालवते. पत्ते म्हटलं की फक्त रमी.

मुक्काम पोस्ट नाशिक

मी पैसे घेऊन रीडिंग करते, त्यामुळे मला इथे जोडे बसणार हे ठाऊक आहे. तरी लिहिते. रेवतीच्या बहिणीला जे सांगितलं गेलं तो गुन्हाच आहे, पानाच्या आडून केलेला.

माझी पद्धत सांगते. हे पान आलं की मी अर्थ सांगायच्या आधी विचारते, "दोर कुणाच्या हातात आहे?" व्हिसाची वाट बघणाऱ्या मुलाचा दोर दूतावासात असतो, तिथे थांबण्यावाचून इलाज नाही, मग थांबायचंच आहे तर दरम्यान काय कराल ते बोलू. एमपीएससीचा चौथा प्रयत्न करणाऱ्याचा दोर बऱ्याचदा अर्धा त्याच्याच हातात असतो आणि ते त्याला माहीत असतं. आणि मारहाण होत असेल तर मी पत्ते बाजूला ठेवते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर माझ्या टेबलावर चिकटवलेला आहे. तिथे पानाचं काम नाही.

शेजारी कुठलं पान आलंय तेही बघावं लागतं. तलवारींची अठ्ठी, म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून उभी असलेली बाई, हिच्या शेजारी बारावा आला तर "समर्पण" म्हणणारा रीडर मी तरी रीडर मानत नाही.

उलटं आलं तर? पान उलटं म्हणजे माणूस सुलटा! शिकणारे हमखास गोंधळतात. वेट यांनी उलट्या पानाला दिलेले अर्थ मजेशीर आहेत: स्वार्थ, आणि गर्दी, जनसमुदाय. म्हणजे सगळे जसे पायावर उभे असतात तसा हाही उभा राहिला, की संपलं त्याचं वेगळेपण.

अक्षरगंगा

मग शिक्षेचं समर्पण झालं कधी? जुनी नाणी, तेवढं सांगा. चेहरा मध्येच शांत कसा झाला?

जुनी नाणी

चुकीमुळे! आणि ही माझी या पानातली सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

हा खेळ फ्रान्समध्ये पोचला, तिथे मार्सेय पद्धतीचे पत्ते छापले जायला लागले. दोन छाटलेल्या झाडांमध्ये आडवी काठी, मध्ये आपला गडी. १७८१ मध्ये पॅरिसला कूर द जेबलँ नावाचे एक विद्वान पाद्री होते, त्यांनी ठरवून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान. चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, ती शांपोलियँने १८२२ ला उलगडली, त्यामुळे खोडून काढायलाही कोणी नव्हतं. पत्त्यांमध्ये न्याय, बळ, संयम हे सद्गुण त्यांना सापडले, पण चौथा, म्हणजे सावधपणा, सापडेना. मग ते म्हणाले, हाच तो! एक पाय उचलून, जपून पाऊल टाकणारा माणूस आहे हा, अडाणी छापणाऱ्यांनी उलटा छापलाय.

म्हणजे त्यांनी माणूस सुलटा केला, आणि दगाबाजाचा एका फटक्यात शहाणा माणूस झाला. पाठोपाठ एत्तेया या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या फ्रेंच माणसाने आपल्या संचात या पानाच्या जागी चक्क सावधपणाच घातला. इजिप्तची कथा पुढे पोकळ निघाली, पण दगाबाज काही परत आला नाही. शतकभराने लंडनच्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने त्याला जलतत्त्व दिलं, हिब्रू मेम हे अक्षर दिलं. वेट आणि स्मिथबाई दोघंही त्याच मंडळातले. वेट यांनी तर ठासून सांगितलं की चेहऱ्यावर यातना नाहीत, तंद्री आहे, आणि लाकूड जिवंत आहे. पालवी आणि वलय ही सगळी १९०९ ची भर. स्मिथबाईंनी ८० च्या आसपास चित्रं काही महिन्यांत काढली आणि एका पत्रात लिहिलं की काम मोठं आणि पैसे अगदीच थोडे. त्या कर्जातच वारल्या, १९५१ ला.

आणखी एक, खास तुमच्यासाठी. वेट म्हणतात, खांब टी क्रूसाचा, आणि माणसाच्या पायांच्या घडीतून स्वस्तिक होतं.

टवाळ बोका

स्वस्तिक! म्हणजे आता व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येणार, "टॅरो मूळचा आपलाच, बघा पुरावा".

पण खरंच, उलटं लटकण्यात आपण कुणाला ऐकणार नाही. वेताळाचं प्रेत झाडाला लटकलेलं. रामायणातला शंबूक खाली डोकं वर पाय करून तप करत होता. आणि महाभारतातला जरत्कारू आठवतो का? हे ऋषी लग्न करत नव्हते. रानात एका खड्ड्यात काही म्हातारे खाली डोकं करून लटकलेले दिसले, वाळ्याच्या एकाच काडीला धरून, आणि तीही उंदीर कुरतडतोय. विचारलं, कोण तुम्ही? तर म्हणे तुझेच पूर्वज, तू लग्न करत नाहीस म्हणून वंश तुटतोय आणि आम्ही लटकलोय. तेव्हा ज्या अविवाहितांना लग्नाच्या प्रश्नाला बारावं पान येतं, त्यांनी लक्षात घ्या. लटकलेले तुम्ही नसून तुमचे आजोबा आहेत.

अक्षरगंगा

@बोका, हसू आवरेना. पण बघा, शंबूक स्वतः लटकला होता आणि तरी त्याला दुसऱ्याने शिक्षा दिली. "स्वतः चढलाय का बांधलाय" या प्रश्नाला आपल्याकडेही सरळ उत्तर नाही.

मांडवीकाठ

गोव्याहून. टॅरो मला कळत नाही, पण "होणार का नाही" यावर एक आठवण.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. देवळात भटजी ओल्या कळ्या किंवा पाकळ्या मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि मग बघत बसायचं. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या पप्पांना आखातातली नोकरी आली होती. घरात दोन तट. शेवटी देवाला विचारू म्हणून सगळे सकाळी देवळात. भटजींनी पाकळ्या लावल्या. दहा वाजले, अकरा वाजले, एकही पडेना. समईच्या उजेडात पाण्याचा एक थेंब मूर्तीच्या खांद्यावरून हळूहळू उतरताना मला अजून दिसतो. तो पाकळीशी आला, थांबला आणि बाजूने निघून गेला. पाकळी जागची हलली नाही. मला भूक लागलेली. काका वैतागले, पंखा लावा म्हणाले (भटजींनी असं बघितलं त्यांच्याकडे!). माझी आजी मात्र भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "देव येवजता." म्हणजे देव विचार करतोय.

साडेबाराला भटजींनी पाकळ्या काढून घेतल्या. कौल झालाच नाही. आम्ही घरी येऊन जेवलो. पण त्या अडीच तासांत आई आणि पप्पा, जे महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते, ते देवळाच्या पायऱ्यांवर बसून बोलले होते. पप्पा गेले नाहीत. त्याचं त्यांना पुढे वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू.

सांजवातबाईंचं पान मला त्या न पडलेल्या पाकळीसारखं वाटलं.

मुक्काम पोस्ट नाशिक

@मांडवीकाठ, होय-नाही प्रश्नाला हे पान आलं तर आम्ही हेच म्हणतो, उत्तर अजून तयार नाही. पण "देव येवजता" हे इतकं सुंदर मला कधी सुचलं नसतं. वापरू का? श्रेय देईन.

मांडवीकाठ

आजीचं आहे, वापरा. मानधन घेत असाल तर तिच्या नावाने नारळ ठेवा.

सांजवात

तीन दिवस मुंबईला होते, आज सगळं एकत्र वाचलं. अण्णांनाही वाचून दाखवलं, मुझ्झिओ स्फोर्झाचं दोनदा. "गाडी सोडून दुसऱ्या डेपोला गेला म्हणून टांगला होय," म्हणाले. जेबलँ पाद्र्याने पान फिरवून माणूस सुलटा केला, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. "उलटा हाय तर उलटाच बघायचा की."

मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या प्रश्नाचं काय, बांधलाय का चढलाय? म्हणाले, पहिल्या दिवशी बांधला होता. पाचव्या दिवशी नर्सबाई वजनं काढून पाय पुसायला आल्या, तेव्हा मीच म्हटलं, लवकर लावा परत, वजनाशिवाय ठणकतंय.

आता काठी घेऊन चालतात. एसटी स्टँडपर्यंत जातात, गाड्या बघून येतात.

टवाळ बोका

अण्णांना साष्टांग. (सुलट.)
ताई, एक रीडिंग माझंही करा की. नोकरी बदलू का? बारावा आला तर देव येवजता समजेन.

सांजवात

करते, पण तुला बारावा येणार नाही. माझ्या डेकमध्ये ७७ च पानं आहेत.

जुनी नाणी

हरवलं? स्फोर्झांच्या संचातून चार गेलीत, तुमचं एकच. हळहळू नका.

सांजवात

हरवलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी अण्णांनी मागून घेतलं. त्यांच्या एक्स-रेच्या पाकिटात आहे, मोडलेल्या मांडीच्या फोटोला टेकवून. कुणी भेटायला आलं की दोन्ही दाखवतात, आधी एक्स-रे, मग हा.